हिंडणं दोन तऱ्हांचं: ब्राऊनची चाल आणि लेव्हीची चाल

पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या अंगाला माझ्या मामांचं गाव आहे. सोयाबीनची काढणी झाली की त्यांची शेरडं रानात सुटतात. तेव्हा शेतात गळलेला पाला असतो, बांधाला हिरवं गवत असतं, जिथं तोंड घालावं तिथं काहीतरी मिळतंच. शेळी चार पावलं चालते, खाते, वळते, पुन्हा तीन पावलं. तासाभरानं बघावं तर ती जवळपास तिथंच.

तीच शेळी मे महिन्यात माळावर अगदी वेगळी वागते. एका खुरट्या बोरीभोवती थोडा वेळ घुटमळते, मग मान वर करून सरळ चालू लागते. दोनशे, तीनशे पावलं कुठंही न थांबता. पुढं पुन्हा घुटमळणं, पुन्हा एखादी लांब चाल.

दोन्ही वेळा आपण एकच म्हणतो, ‘शेरडं हिंडतायत’. भौतिकशास्त्रात मात्र या दोन हिंडण्यांची गणितं वेगळी आहेत. पहिल्याशी मिळतीजुळती ती ब्राऊनी चाल आणि दुसऱ्याशी मिळतीजुळती ती लेव्हीची चाल. दोन्ही यादृच्छिक, म्हणजे पुढचं पाऊल कुठल्या दिशेला पडेल हे आधी ठरलेलं नाही. म्हणूनच त्यांची गल्लत होते, आणि बातम्यांमधून, अगदी वर्गातल्या शिकवण्यातूनसुद्धा ती पुढं जात राहते.

ब्राऊनी चालीपासून सुरुवात करतो, कारण तिची एक कडी आपल्या मुलखाजवळून जाते. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1827 मध्ये पाण्यात ठेवलेल्या परागकणांतले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ते सारखे थरथरत, इकडून तिकडे सरकत होते. निर्जीव पदार्थांचा भुगा घेतला तरी तेच, तेव्हा ही काही जिवंतपणाची खूण नव्हती. 1905 मध्ये आइन्स्टाइननं याचं गणित मांडलं: पाण्याचे रेणू कणाला चहूबाजूंनी धडका देतात आणि त्या धडका कधीच पूर्ण तोलात नसतात. पुढं झाँ पेराँनं प्रयोगांनी ते पक्कं केलं.

त्याच 1905 साली कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञानं ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा प्रश्न विचारला. एक माणूस ठरावीक अंतर सरळ चालतो, मग कुठल्याही दिशेला वळून तेवढंच अंतर चालतो, असं अनेकदा करतो, तर शेवटी तो किती लांब असेल? या प्रश्नामागं डास होते. आणि डास कुठवर पसरतात हा प्रश्न रोनाल्ड रॉसला पडलेला होता. याच रॉसनं 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी शोधला होता. सिकंदराबाद तेव्हा निजामाच्या मुलखात, आणि आपला मराठवाडाही त्याच मुलखात. प्राण्यांच्या हिंडण्याला भौतिकशास्त्राचं गणित लावायची एक सुरुवात अशी आपल्या शेजारच्या डासांपासून झाली, हे मला फार मोलाचं वाटतं.

लॉर्ड रॅले यांनी पिअर्सनला उत्तर पाठवलं, आणि त्यावरून पिअर्सननं लिहिलं की मोकळ्या रानात धडपडत चालणारा दारुडा सापडायची सगळ्यात जास्त शक्यता त्यानं जिथून सुरुवात केली त्याच जागेच्या आसपास. ब्राऊनी चालीचं मर्म यातच आहे. शंभर पावलं टाकली तर माणूस मूळ जागेपासून साधारण दहा पावलांवर असतो. दहा हजार टाकली तर साधारण शंभरावर. पावलांच्या संख्येचं वर्गमूळ. म्हणजे दुप्पट लांब जायचं तर चौपट चालायला हवं.

लेव्हीची चाल इथंच फुटून निघते. पॉल लेव्ही हे फ्रेंच गणिती. ज्यात मधूनच फार मोठा आकडा येतो अशा संभाव्यतांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचं नाव या चालीला दिलं ते बेन्वा मांडेलब्रोनं. इथंही दिशा यादृच्छिकच, फरक फक्त टप्प्याच्या लांबीत. टप्पा म्हणजे दोन वळणांमधली सरळ चाल.

समजा दोन्ही चालींत दहा पावलांहून लांब टप्पा दहातून एकदा येतो. आता शंभर पावलांहून लांब टप्पा किती वेळा येईल? ब्राऊनी चालीसाठी सहसा वापरतात त्या हिशेबात वीस पावलांहून लांब टप्पा शंभरातून एकदा, तीसहून लांब हजारातून एकदा. याच वेगानं खाली जात शंभराहून लांब टप्पा येतो एक हजार कोटींत एकदा. शेळीच्या आयुष्यात नाहीच म्हणायचं. लेव्हीच्या चालीत मात्र, तिचा घातांक, म्हणजे लांब टप्पे किती झपाट्यानं विरळ होतात ते सांगणारा आकडा, 2 धरला तर, शंभराहून लांब टप्पा शंभरातून एकदा येतो आणि हजाराहून लांब हजारातून एकदा. लांब टप्पा विरळ असतो, पण नाहीसा होत नाही.

मराठवाड्याच्या माणसाला हे समजावायला पावसासारखं दुसरं काही नाही. ‘सरासरीइतका पाऊस झाला’ ही बातमी ऐकून शेतकरी काय म्हणतो? सगळा दोन दिवसांत पडला आणि वाहून गेला. सरासरीनं त्या पावसाचं काहीच कळत नाही. लेव्हीच्या चालीतही तसंच असतं. दिवसभर कापलेल्या अंतरातला मोठा वाटा दोन-चार टप्प्यांनीच खाल्लेला असतो. घातांक 2 असेल तर गणिताच्या अंगानं सरासरी टप्पा असं काही उरतच नाही, जितकं जास्त मोजाल तितकी ती वाढत जाते.

एक समज इथंच दूर करतो. पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं असतं की लेव्हीचा माग जवळून पाहा की लांबून, सारखाच दिसतो, आणि ब्राऊनी चालीचं तसं नसतं. हे खरं नाही. ब्राऊनी चालीचा मागही, पाऊल दिसेनासं होईल इतक्या लांबून पाहिला की, प्रत्येक पातळीवर तसाच गुंताडा दिसतो. नुसत्या दिसण्यावरून निवाडा करू नये, टप्पे मोजावेत.

आता प्रश्न असा की प्राण्यानं लेव्हीची चाल का चालावी. ब्राऊनी चालीनं हिंडणारा प्राणी जिथं आधीच पाहून झालंय तिथंच पुन्हा पुन्हा फिरतो. चारा जागोजाग असेल तर त्यात काही बिघडत नाही. चारा लांब लांब विखुरलेला असेल तर मात्र ही मेहनत फुकट जाते. मधूनच लांब पल्ला मारणारा नव्या जागी पोचतो आणि तिथं आजूबाजूला बारकाईनं पाहतो. 1999 मध्ये विश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की खाणं विरळ असेल आणि सापडलेल्या जागी पुन्हा येऊन खाता येत असेल, तर घातांक 2 च्या आसपासची चाल सगळ्यात फायद्याची. आणि खाल्लं की संपलं असं असेल तर सरळ चालत राहणंच उत्तम. शेळीच्या भाषेत सांगायचं तर बोरीला पुन्हा पाला फुटतो, बाभळीखालची शेंग एकदा खाल्ली की गेली. हा फरक गणितात उतरतो, हे मला या सगळ्यातलं सर्वांत सुंदर वाटतं. अर्थात वाद मिटलेला नाही. 2020 मध्ये काही भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं की सपाट मैदानावरच्या शोधात 2 या आकड्याला असं खास स्थान नाही.

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट अल्बट्रॉसची आहे. दक्षिण महासागरावर उडणारा हा पक्षी, पंखांचा पसारा तीन मीटरहून जास्त. 1996 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या शोधनिबंधानं त्याच्या उडण्यात लेव्हीची चाल दिसते असं सांगितलं. पक्ष्याच्या पायाला बसवलेलं यंत्र पाय ओले आहेत की कोरडे एवढंच नोंदवत होतं. ओले म्हणजे पाण्यावर उतरलेला, कोरडे म्हणजे उडत असलेला. कोरडा काळ जितका मोठा तितका उडण्याचा टप्पा लांब. हरणं, भुंगे, एकामागून एक प्राण्यांत मग लेव्ही दिसू लागला.

2007 मध्ये एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी ती आकडेवारी पुन्हा उघडली. सगळ्यात लांब कोरडे टप्पे फेरीच्या सुरुवातीचे आणि शेवटचे होते, आणि त्या वेळी पक्षी बेटावर जमिनीवर बसलेला होता. पाय कोरडे होते, पण उडणं नव्हतं. ते टप्पे काढल्यावर लेव्हीचा पुरावा उरला नाही. हरणं आणि भुंग्यांच्या जुन्या आकड्यांचंही तसंच झालं. ज्या विरळ, लांब टप्प्यांवर सगळा निकाल अवलंबून असतो, तेच चुकीचे मोजले गेले तर काय होतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मला माहीत नाही. विशेष म्हणजे फेरतपासणीच्या त्या निबंधात मूळ निबंधाचे काही लेखकही होते.

गोष्ट तिथं थांबली नाही. 2010 मध्ये हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी खुल्या समुद्रातल्या 14 जातींच्या शिकारी माशांच्या 1 कोटी 20 लाखांहून जास्त हालचाली तपासल्या. शार्क, टूना अशा माशांवर बसवलेल्या खुणयंत्रांनी खोलीतले चढउतार नोंदवले होते. जिथं खाणं विरळ तिथं लेव्हीची चाल जास्त दिसली, जिथं मुबलक तिथं ब्राऊनी. म्हणजे एकाच प्राण्याची चाल चाऱ्याप्रमाणं बदलू शकते. 2012 मध्ये अल्बट्रॉसची नवी, जास्त बारीक नोंद तपासली तेव्हा काही पक्ष्यांच्या बाबतीत लेव्ही पुन्हा सापडला. टांझानियातले हाद्झा लोक रानात कंद, मध आणि शिकार शोधतात, त्यांच्याही जवळजवळ निम्म्या फेऱ्यांत हा नमुना 2014 मध्ये आढळला.

आता मे महिन्यातल्या शेळीकडे येऊ. माळावर मी तिच्या मागं फिरलो. वळण आलं की दगड ठेवायचा, दोन दगडांमधली पावलं वहीत लिहायची. पुष्कळ छोटे टप्पे, मधूनच मोठे. आकडे लेव्हीसारखेच दिसत होते. पण नमुना जुळला म्हणजे कारणही तेच, असं होत नाही. 2007 मध्येच सिमाँ बेनामू यांनी दाखवून दिलं की चारा ढिगाढिगांनी विखुरलेला असेल आणि प्राणी ढिगात असताना आखूड, ढिगाबाहेर लांब पावलं टाकत असेल, तर दोन साध्या चालींच्या मिश्रणातूनही लेव्हीसारखा माग उमटतो. शिवाय हे सगळं गणित खाणं लांबून दिसत नाही, वास येत नाही, आठवणही नाही, अशा शोधासाठी आहे. शेळीला बाभळ लांबून दिसते. वाऱ्यावर शेंगांचा वासही येत असणार.

आणखी एक अडचण साधी होती. माझ्या वहीत एका दिवसाचे दीडशे टप्पे होते. दोन चाली वेगळ्या ओळखता येतात त्या विरळ लांब टप्प्यांवरून, आणि दीडशेत ते जेमतेम दोन होते.

त्यातला सगळ्यात लांब टप्पा चारशे बारा पावलांचा. शेळी पडीक रानातून सरळ चालत ओढ्याकाठच्या एका बाभळीखाली जाऊन थांबली. वाटेत दोन बाभळी लागल्या, त्यांच्याकडं तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मी मामांना विचारलं, “मामा, तुम्ही हाकलली का तिला तिकडं?”

“हाकलायची काय गरज हाय?” मामा म्हणाले. “परवा तिथंच शेंगा हुडकल्या होत्या तिनं. ती जागा इसरती व्हय?”