दृश्यगुणोत्तर

दूरचित्रवाणी संच, प्रक्षेपक किंवा चित्रपटगृहाचा पडदा यांवरील चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण. व्यवहारात यालाच ‘आस्पेक्ट रेशो’ म्हणतात. ते ४:३, १६:९ असे किंवा उंची १ धरून १.८५:१, २.३९:१ असे लिहितात. संचाचे इंचांतले माप कर्णाचे असते. त्यावरून प्रमाण कळत नाही.

४:३ हे प्रमाण एडिसन यांच्या प्रयोगशाळेतून आले. १८९० च्या दशकाच्या प्रारंभी तेथे डब्ल्यू. के. एल. डिक्सन यांनी ३५ मिमी. फिल्मवर कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची चौकट रूढ केली. पुढे ध्वनिपट्टीने फिल्मची कड व्यापली आणि १९३२ च्या सुमारास हॉलिवुडमध्ये १.३७:१ हे अकादमी प्रमाण स्थिरावले. दूरचित्रवाणीने ४:३ उचलले, तर चित्रपटाने १९५३ मध्ये सिनेमास्कोप आणून रुंद पडद्याकडे मोर्चा वळवला.

आजच्या रुंद संचांच्या १६:९ या प्रमाणाच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्यानुसार, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अभियंते केर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत केंद्र जुळवून एकमेकांवर मांडले. सर्वांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सर्वांना समाईक असणारा आतला आयत, दोन्हींचे प्रमाण सु. १.७७ निघाले. १.३३ व २.३५ यांचा गुणोत्तर मध्यही (गुणाकाराचे वर्गमूळ) तेवढाच येत असल्याने ही वेगळी उपपत्ती नव्हे, त्याच मांडणीचे गणित होय. दुसरे मत १६:९ हा ४:३ चा वर्ग असल्यावर भर देते. तो सोयीचा योगायोग दिसतो; मात्र तो उपयोगी पडला. आणखी एकदा ४/३ ने गुणले की ६४:२७ येते, आणि बाजारात ‘२१:९’ म्हणून विकले जाणारे अनेक संगणक-पडदे प्रत्यक्षात याच प्रमाणाचे असतात. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेच्या आरंभीच्या उच्च-विभेदन प्रयोगांत ५:३ प्रमाण होते.

घरी डीव्हीडीमुळेही गोंधळ होतो. पाल या भारतातही वापरलेल्या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डिस्कवर ४:३ व १६:९ ही दोन्ही चित्रे ७२०×५७६ बिंदूंतच साठवतात. खरा आकार सोबतच्या संकेतावरून ठरतो. म्हणून प्लेअरला ‘टीव्ही टाइप’ सांगावा लागतो. रुंद संचाला जोडलेला प्लेअर ‘४:३ लेटरबॉक्स’वर राहिला, तर १६:९ च्या चित्राला तो वरखाली पट्ट्या घालतो, संच डावीउजवीकडे घालतो आणि चित्र चारी बाजूंनी काळ्या चौकटीत आक्रसते. ‘झूम’ने चौकट जाते, बारकावे मात्र परत येत नाहीत. प्लेअर १६:९ वर आणणे हाच उपाय.

‘स्ट्रेच’ ४:३ चित्र आडवे एकतृतीयांश ताणते. खात्रीसाठी घड्याळाची तबकडी किंवा गाडीचे चाक समोरून दिसेल असे दृश्य थांबवून पाहावे. लंबगोल दिसल्यास मांडणी चुकली. काही संच मध्य जपून फक्त कडा ताणतात. तेथे कॅमेरा फिरताच माणसे कडेला जाऊन फुगतात. बातम्यांची तळपट्टी अर्धी कापली जात असेल, तर तो ‘ओव्हरस्कॅन’, म्हणजे काचनळीच्या संचांचा वारसा. तो बंद करणारी निवड ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘१:१’ अशा नावांनी असते.

१९२०×१०८० च्या पडद्यावर २.३९:१ चा चित्रपट सु. ८०३ ओळी व्यापतो. उरलेल्या काळ्या पट्ट्या दोष नव्हेत. पडदाही तेवढाच रुंद असेल, तर प्रक्षेपकात झूम करून त्या पडद्याबाहेर ढकलता येतात; पण प्रसंगागणिक प्रमाण बदलणारा चित्रपट लावला की उंच दृश्यांचा वरचा-खालचा भाग भिंतीवर सांडतो.