क्लेमॅटिसचं बी इतकं रेंगाळतं का?

पेरल्यावर आठ-दहा दिवसांत काही दिसलं नाही की कुंडी रिकामी करायची, ही मेथी-कोथिंबिरीनं लावलेली सवय. क्लेमॅटिसच्या बाबतीत ती हमखास नडते. या वेलीच्या काही जाती महिना-दीड महिन्यात उगवतात, काहींना सहा महिने लागतात, आणि मोठ्या फुलांच्या काही संकरित वाणांचं बी तर दोन-तीन वर्षंही मातीत पडून राहतं.

बी मेलेलं नसतं, आतला गर्भ अपुरा असतो. हरभरा भिजवून सोलला तर दोन डाळिंब्या आणि त्यांच्या बेचक्यात तयार कोंब दिसतो. क्लेमॅटिसचं पिकलेलं बी उभं कापून भिंगाखाली धरा: जवळजवळ सगळी जागा पांढऱ्या अन्नसाठ्यानं भरलेली आणि एका टोकाशी गर्भाचा इवलासा ठिपका. वेलीवरून सुटल्यावर, ओल्या मातीत, हा गर्भ तो साठा संपवत बियाच्या आतच वाढतो. पुरेसा लांब झाल्याशिवाय मूळ बाहेर पडत नाही.

थंड मुलखातल्या अनेक जातींना याच्या जोडीला आणखी एक अटकाव असतो. अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक उगवण रोखून धरतं, आणि ओलसर थंडीत काही आठवडे गेल्यावरच त्याचा जोर ओसरतो. ऐन बर्फात कोवळं रोप वर येऊ नये म्हणून ही तजवीज.

घरी हा हिवाळा फ्रिजमध्ये घडवता येतो. दमट कोकोपीटमध्ये बी मिसळून पिशवी भाजीच्या कप्प्यात, साधारण 4-5 अंश सेल्सिअसला, 6 ते 12 आठवडे ठेवायची. फ्रीझरमध्ये नाही. कोरडं बी गारठवूनही उपयोग नाही. ओल नसेल तर आत काहीच हलत नाही.

मात्र विकत आणलेल्या जांभळ्या ‘जॅकमनी’चं बी पेरून तीच वेल मिळेल, ही आशा सोडा. इंग्लंडमधल्या वोकिंगच्या रोपवाटिकेत 1858 साली केलेल्या संकरातून ती जन्मली आणि 1862 मध्ये फुलली. तिच्या बियांत आईबापांचे गुण नव्याने पिसले जातात, रोपं वेगवेगळी निघतात. मला तर यातच गंमत वाटते. हुबेहूब वेल हवी असेल तर फांदीच लावावी.

पुण्या-नाशिकच्या गच्चीसाठी मी परदेशी वाणांपेक्षा आपली मोरवेल सुचवीन. तीही क्लेमॅटिसच, मराठी वनस्पतिशास्त्रात या अख्ख्या कुळाला मोरवेल कुल म्हणतात. पावसाळा सरताना सह्याद्रीत ती पांढऱ्या फुलांनी भरते. पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं, म्हणजे कळीला झाकणारी बाहेरची दलं; पाकळ्या नसतातच. हिवाळ्यात त्याच जागी पिसांसारखे रुपेरी झुबके येतात. आपण ज्याला बी म्हणतो ते एकबीजी फळ असतं, आणि त्याची शेपटी म्हणजे फुलातली परागवाहिनी. फलन झाल्यावर ती गळत नाही, लांबते, रेशमी केसांनी फुलते आणि फळाला वाऱ्यावर नेते.

फळ तपकिरी होऊन बोट लावताच सुटलं की ते पिकलं. अभयारण्यातून काही तोडू नका; गावाकडच्या कुंपणावरचं मूठभर पुरे. हिरवी वेल चुरगाळली तर रस कातडीला झोंबतो, म्हणून हातमोजे घाला. शेपट्या कापून टाका, नाहीतर बी मातीत नीट टेकत नाही आणि शेपटीवर बुरशी धरते. निचऱ्याच्या मातीत पेरून वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर थर द्या. माती दमट हवी, चिखल नको. तारखेची चिठ्ठी मात्र कुंडीत खोचाच, नाहीतर घरातलं कुणीतरी त्यात मिरची लावतं.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोप वेगळ्या कुंडीत हलवा आणि लगेच आधार द्या. ही वेल खोडानं विळखा घालत नाही; पानाचा देठ आधाराभोवती वळतो. देठ आखूड, त्यामुळे जाड बांबू त्याच्या कवेत येत नाही. सुतळी किंवा बारीक तार बांधा.