युरोस्टारने जाणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

लंडनहून पॅरिसला जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी विमान येतं. या पल्ल्यासाठी आमचं मत ठाम आहे: रेल्वेनेच जा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनातून सुटलेली युरोस्टार साधारण सव्वादोन तासांत पॅरिसच्या गार द्यु नोर स्टेशनात पोचते. दोन्ही स्टेशनं शहराच्या आतच आहेत, त्यामुळे विमानतळ गाठण्यात आणि सामानाच्या पट्ट्यापाशी ताटकळण्यात वेळ जात नाही. वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो, तरी आत बसून चहा सांडत नाही.

ही सेवा १४ नोव्हेंबर १९९४ रोजी सुरू झाली. गाडी इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून जाते. बोगदा ५० किलोमीटरचा असून त्यातला सुमारे ३८ किलोमीटर भाग समुद्रतळाखाली आहे. तेवढा वेळ, म्हणजे वीसेक मिनिटं, खिडकीबाहेर अंधार असतो. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचं. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम आणि कोलोन यांना जोडणाऱ्या थालिस गाड्या २०२३ पासून युरोस्टार याच नावाने धावतात. नाव एकच असलं, तरी गाडीत चढण्याची रीत दोन तऱ्हेची आहे.

लंडनला जाणारी किंवा लंडनहून सुटणारी गाडी असेल, तर विमानासारखीच तयारी ठेवा. सामानाची तपासणी होते, पासपोर्ट बघतात आणि गाडी सुटण्याच्या बरंच आधी प्रवेश बंद होतो. दीड तास आधी पोचाच. फ्रान्सचे अधिकारी लंडनमध्येच पासपोर्ट तपासतात आणि ब्रिटनचे अधिकारी पॅरिसमध्ये, म्हणून उतरल्यावर पुन्हा रांग नसते. पॅरिस-ब्रसेल्स किंवा ब्रसेल्स-ॲमस्टरडॅम प्रवासाला मात्र एवढा सोपस्कार नाही. फलाटावर थोडं आधी पोचलात तरी चालतं, पासपोर्ट तेवढा जवळ असू द्या.

व्हिसाचा घोळ मात्र इथेच होतो. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, म्हणून भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात. पॅरिस बघून लंडनला आणि तिथून ॲमस्टरडॅमला असा बेत असेल, तर तुम्ही शेंगेन देशांत दोनदा शिरता. एका प्रवेशाचा व्हिसा त्याला पुरत नाही. आधी लंडन उरकून मग पुढे सरकत जाणं आम्हाला जास्त सोयीचं वाटतं.

साध्या वर्गात प्रत्येकी दोन बॅगा (लांबी ८५ सेंटिमीटरपर्यंत) आणि एक छोटी पिशवी नेता येते. वजनाचा काटा नाही, पण हमालही नाही. बॅग स्वतःच चढवायची आहे. लंडनची गाडी सुमारे ४०० मीटर लांब असते. आजी-आजोबा बरोबर असतील, तर डब्याचा नंबर बघून आधीच चालायला लागा.

चिवडा, चकली खुशाल न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नको, कारण बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेऊ देत नाहीत. मांसाचंही तसंच.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे आहे, तेव्हा पुढची गाडी किंवा हॉटेल ठरवताना तो तास धरा. तिकिटं जितकी उशिरा काढाल तितकी बहुधा महाग पडतात. शहरांचा क्रम ठरला की पासपोर्ट घेऊन आमच्याकडे या. व्हिसाचं आणि तिकिटांचं एकत्रच बघू.