मेंदूला इजा झालेल्या माणसासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि पालकत्व: अर्ज, पात्रता, कागदपत्रं

माझा दादा मोटारसायकलवरून पडला आणि दीड महिन्याने दवाखान्यातून घरी आला. चालत होता, बोलत होता, नाव-गाव बरोबर सांगत होता. भेटायला येणारे म्हणायचे, वाचला, सुटलात तुम्ही. पण तो गॅसवर दूध ठेवून विसरायचा, संध्याकाळी घरात चार माणसं एकदम बोलायला लागली की ताट भिरकवायचा, आणि उजव्या हातात पेला धरवत नव्हता. सोडताना आम्हाला डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची यादी मिळाली. पुढे कोणते कागद करायचे हे कुणी सांगितलं नाही. ते हेलपाटे घालून कळलं, म्हणून इथे लिहिते आहे.

यादीत 'मेंदूची इजा' नाही

सगळ्याचा पाया म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात 'डोक्याला मार' किंवा 'मेंदूची इजा' असा वेगळा प्रकार नाही. म्हणून काही जणांना खिडकीवरच 'हे बसत नाही' असं ऐकावं लागतं. ते खरं नाही. प्रमाणपत्र मिळतं ते इजेमुळे काय गेलं त्याचं. एक बाजू लुळी पडली असेल तर ते अस्थिव्यंगात, म्हणजे चलनवलनाच्या दिव्यांगत्वात येतं. शब्द सापडत नाहीत, समोरच्याचं बोलणं कळत नाही, तर वाचा आणि भाषा दिव्यांगत्व. तिथे कायद्याच्या व्याख्येतच मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेला वाचादोष धरलेला आहे. नजर किंवा ऐकणं गेलं असेल तर त्याचे प्रकार वेगळे. आणि विचार, स्मृती, भान, वागणूक बिघडली असेल तर मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. घरच्यांना हा शेवटचा प्रकार नको असतो. 'मानसिक' हा शिक्का लागेल म्हणून वहिनीनेही आधी नाही म्हटलं होतं. पण बऱ्याच घरांत खरं नुकसान तिथलंच असतं, आणि ते कागदावर आलं नाही तर प्रमाणपत्रावरच्या दिव्यांगत्वाच्या टक्केवारीत दिसत नाही.

एकाहून जास्त प्रकार असतील तर बहुविध दिव्यांगत्व म्हणून एकत्र प्रमाणपत्र मिळतं. अर्ज करतानाच लागू असलेले सगळे प्रकार नोंदवा. आम्ही पहिल्यांदा फक्त हात लिहिला, तिथेच चुकलो.

दोन मुदती, दोन्ही सहा महिन्यांच्या

मेंदू आणि मज्जासंस्थेच्या बाबतीत तपासणी साधारणपणे घटनेनंतर सहा महिन्यांनी करावी, नेमका काळ तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवावा, असं मूल्यमापनाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. कारण सरळ आहे: पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात अर्ज घेऊन गेलात तर 'नंतर या' असं ऐकायला मिळेल, आणि ते चूक नसतं.

पण रस्त्यावरचा अपघात असेल तर दुसरी मुदत उलट दिशेने धावत असते. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. एप्रिल २०२२ पासून ही अट पुन्हा आली आहे. म्हणजे प्रमाणपत्र सहा महिन्यांनंतर आणि दावा सहा महिन्यांच्या आत. बरेच लोक 'आधी टक्के मिळू देत, मग वकील बघू' म्हणून थांबतात. थांबू नका. दावा आधी दाखल करा, दिव्यांग प्रमाणपत्र पुराव्याच्या वेळी जोडता येतं. अपघात जिथे झाला तिथेच दावा करावा लागतो असंही नाही, राहता त्या जिल्ह्यातही करता येतो. जखमी माणूस स्वतः सही करण्याच्या स्थितीत नसेल तर घरचा माणूस त्याच्या वतीने वादमित्र, म्हणजे त्याच्यासाठी दावा चालवणारा, म्हणून उभा राहू शकतो.

त्यासाठी एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दवाखान्यातली एमएलसीची नोंद, गाडीची आणि विम्याची माहिती, सगळी बिलं आणि कमाईचा पुरावा लागतो. एमएलसी म्हणजे अपघाताची केस आल्यावर दवाखाना पोलिसांना कळवतो ती नोंद. तिची प्रत पहिल्याच आठवड्यात मागून घ्या.

बँकेचं पासबुकही एकदा उलगडून बघा. मे-जूनच्या सुमारास २० रुपये वजा झालेले दिसले तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू असू शकते. अपघाताने एका हाताचा किंवा एका पायाचा वापर कायमचा गेला तर १ लाख, दोन्ही हातांचा किंवा दोन्ही पायांचा गेला तर २ लाख. हा दावा बँकेमार्फत होतो.

अर्ज कुठे आणि कागद कोणते

१ जून २०२१ पासून दिव्यांग प्रमाणपत्र फक्त स्वावलंबन पोर्टलवरूनच दिलं जातं. तिथल्या एकाच अर्जातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं ओळखपत्र, दोन्ही मिळतं. घरून भरता येतो, नाहीतर सेतू किंवा सीएससी केंद्रातून. अर्जात तपासणीचा दवाखाना निवडायचा असतो: राहत्या जिल्ह्यातला, किंवा जिथे उपचार झाले ते सरकारी रुग्णालय. अर्जदार स्वतः अर्ज करू शकत नसेल तर कायदेशीर पालक त्याच्या वतीने करू शकतात.

आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांच्या आतला फोटो आणि सही किंवा अंगठ्याचा ठसा स्कॅन करून लागतो. आधारवरचं नाव आणि डिस्चार्ज कार्डावरचं नाव जुळतंय का ते आधी बघा. आमच्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव नव्हतं, तेवढ्यावरून एक फेरी वाया गेली.

तपासणीच्या दिवशी मूळ कागद लागतात. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची नोंद, सीटी स्कॅन आणि एमआरआयचे रिपोर्ट फिल्मसकट, चालू गोळ्यांची चिठ्ठी, फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीचे कागद. फिट्स येत असतील तर त्याच्या नोंदी. स्मरणशक्ती, लक्ष, निर्णयक्षमता यांची चाचणी न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून करून घेतलेली असेल तर तो रिपोर्ट सगळ्यात वर ठेवा. जाड गठ्ठा नेण्यापेक्षा तारखेवार लावलेली एक फाइल न्या आणि पहिल्या पानावर अर्ध्या पानात हकीकत लिहा: अपघात कधी, बेशुद्ध किती दिवस, शस्त्रक्रिया कोणती, आज काय जमत नाही.

तपासणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डापुढे

मार्गदर्शक सूचनांचं तत्त्व असं आहे की मूल्यमापन आजाराचं नाही, त्याच्या परिणामांचं करायचं. एमआरआयवर मोठा डाग असला म्हणून जास्त टक्के मिळत नाहीत, आणि एमआरआय बराच स्वच्छ असला म्हणून कमीही व्हायला नकोत. तरीही परिणाम समोर दिसले तरच मोजले जाणार.

इथेच मेंदूच्या इजेची माणसं मार खातात. पहिल्या वेळी डॉक्टरांनी दादाला विचारलं, काय त्रास होतो? तो म्हणाला, "काही नाही, मी बरा आहे." तारीख बरोबर, वार बरोबर, घरी कोण कोण ते बरोबर. बाहेर रांग होती, पाच मिनिटांत आम्ही बाहेर. हाताचे ३० टक्के मिळाले. दादा खोटं बोलला नव्हता. आपल्याला काय झालंय याची जाणीवच जाणं, हा मेंदूच्या पुढच्या भागाच्या इजेचा एक परिणामच आहे. म्हणून सोबतच्या माणसाने बोललंच पाहिजे, आणि आठवणीवर विसंबून नाही.

दुसऱ्या वेळी वहिनीने शंभर पानी वही नेली. महिनाभर तिने रोज दोन ओळी लिहिल्या होत्या. "मंगळवार. आंघोळीला पाणी काढून दिलं, साबण लावून तसेच कपडे घातले." "गुरुवार. एटीएमचा पिन तीनदा चुकला, कार्ड बंद पडलं." "रविवार. शेजारच्या काकांना एकच प्रश्न चार वेळा विचारला, ते हसले तर त्यांच्या अंगावर धावून गेला." मानसोपचारतज्ज्ञांनी ती सहा पानं वाचली आणि मग विचारायला लागले. मानसिक आजाराचं मोजमाप ज्या पट्टीवर होतं तिच्यात चार गोष्टी तपासतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, आणि काम. वहीतल्या नोंदी या चार कप्प्यांत आपोआप बसतात. लिहिताना 'खूप त्रास देतो' असं नको. काय घडलं, कधी, कुणाला हात द्यावा लागला, तेवढंच.

त्या वेळी ४० टक्के मिळाले. हाताचे ३० आधीचे होते, म्हणजे ७० झाले असं आम्ही धरून चाललो होतो. तसं होत नाही. दोन टक्केवाऱ्या एकत्र करायचं सूत्र ठरलेलं आहे: ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, त्याला लहान आकड्याने गुणायचं, ९० ने भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. ९० वजा ४० म्हणजे ५०, गुणिले ३० म्हणजे १५००, भागिले ९० म्हणजे १६.६७. बेरीज ५६.६७, म्हणजे साधारण ५७ टक्के. प्रमाणपत्रावर कमी आकडा दिसला की भांडायच्या आधी हे गणित करून बघा.

४० टक्के हा उंबरठा आहे. बहुतेक सवलती तिथून पुढे सुरू होतात. यूडीआयडी कार्डाचा रंगही त्यावर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि वर निळं. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे अर्जानंतर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. बोलावूनही गेला नाहीत आणि दोन वर्षं गेली तर अर्ज निष्क्रिय होतो. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. प्रमाणपत्र देशभर चालतं.

बँक, सही आणि पालकत्व

इथे सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले मिळतात. 'अंगठा घेऊन कुलमुखत्यारपत्र करून टाका' हा त्यातला पहिला. ज्याला व्यवहार समजत नाही त्याने दिलेलं मुखत्यारपत्र टिकत नाही. आणि अपघाताआधी दिलेलं असलं तरी देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की कायद्याने ते संपतं. दुसरा सल्ला नॉमिनीचा. नॉमिनीला जे काही मिळतं ते खातेदाराच्या मृत्यूनंतर. नवरा जिवंत आहे, पत्नी नॉमिनी आहे, तरी ती त्याच्या एकट्याच्या खात्यातून पैसे काढू शकत नाही.

माणूस समजून-उमजून आहे, फक्त हात चालत नाही, तर प्रश्न सोपा आहे. अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमोर चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा.

समजच कमी झाली असेल तर २०१६ च्याच कायद्यातलं कलम १४ बघा. जिल्हा न्यायालय किंवा राज्याने नेमलेला अधिकारी मर्यादित पालक नेमू शकतो. मर्यादित म्हणजे ठरावीक निर्णयासाठी, ठरावीक काळापुरता, आणि त्या माणसाशी बोलून निर्णय घेणारा. पालक झालात म्हणून त्याचं सगळं आयुष्य तुमच्या सहीवर येत नाही, आणि ते बरंच आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा, असंही सांगतात. ती समिती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याची. तो कायदा स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चारच प्रकारांसाठी आहे. प्रमाणपत्र त्यात बसत असेल तरच तिकडे जा.

माणूस कोमात असेल तर त्यासाठी वेगळा कायदाच नाही. अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये यासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही कोमातल्या रुग्णाच्या पत्नीला पालक नेमल्याचे आदेश दिलेले आहेत. नात्याचा पुरावा, वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची आणि खर्चाची यादी, आणि मुलं, आईवडील अशा जवळच्यांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं तयार ठेवा. भावकीत वाद असेल तर तो याचिकेआधी समोर आलेला चांगला. पालक झाल्यावर हिशेब द्यावा लागतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून पावत्या जपा.

प्रमाणपत्र हातात आल्यावर

सरकारी नोकरी असेल तर राजीनामा देऊ नका, देऊ देऊ नका. सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही की पद खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, ते नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांहून जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. हे कलम २० मध्ये आहे. मेंदूच्या इजेचा माणूस रागाच्या भरात कागदावर सही करून मोकळा होतो, म्हणून कार्यालयाला परिस्थिती लेखी कळवून पोच घ्या.

जो घरचा माणूस खर्च करतो त्याला १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-डीडीची वजावट जुन्या करप्रणालीत मिळत आली आहे: ४० टक्क्यांपासून ७५ हजार, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. महाराष्ट्रात उत्पन्न फारच कमी असलेल्या घरांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, तिचा अर्ज तहसील कार्यालयात जातो.

प्रमाणपत्रावर 'तात्पुरतं' लिहिलेलं असेल तर त्याखाली मुदतीची तारीख असते. सुधारणेची शक्यता असेल तेव्हा तसंच देतात. दादाचं तसंच आहे. वहिनीने ती तारीख कॅलेंडरच्या मागच्या पानावर, सिलिंडर लावल्याच्या तारखांखाली लिहिली आहे. आणि वही अजून चालू आहे, आता तिसरी.