जेड म्हणून आणलेलं झाड नक्की कोणतं? क्रॅसुला की पोर्टुलाकारिया

महाराष्ट्रातल्या नर्सरीत ‘जेड द्या’ म्हटलं, की बहुतेक वेळा हातात येतं ते पोर्टुलाकारिया आफ्रा. इंटरनेटवर जेडच्या काळजीबद्दल जे वाचायला मिळतं ते मात्र क्रॅसुला ओवाटाबद्दल असतं, कारण युरोप-अमेरिकेत जेड म्हणजे क्रॅसुलाच. दोन्ही मूळची आफ्रिकेच्या दक्षिण भागातली, दोन्हींची पानं मांसल, दोन्हींचं खोड वयाबरोबर झाडासारखं जाड होतं. पण कुळं वेगळी, आणि पाण्याची गरज तर फारच वेगळी. एकाची पथ्यं दुसऱ्याला लावली, की उन्हाळ्यात पानगळ होते नाहीतर पावसाळ्यात खोड सडतं.

ओळख पानावरून पटते. क्रॅसुलाचं पान लांबट, अंडाकृती, साधारण 3 ते 6 सेंटीमीटर. चिमटीत धरलं तर जाड आणि घट्ट लागतं. उन्हात वाढलं असेल तर कडेला लाल रेघ दिसते. पोर्टुलाकारियाचं पान गोलसर, 1 ते 2 सेंटीमीटर, म्हणजे नखाएवढं. फांदीही पाहा. क्रॅसुलाची कोवळी फांदी हिरवी, रसाळ, करंगळीसारखी जाड. पोर्टुलाकारियाची काडीसारखी बारीक, तांबूस-तपकिरी आणि आडवी पसरणारी. पोर्टुलाकारिया हे नावच घोळीच्या शास्त्रीय नावावरून आलंय. घोळीची भाजी निवडताना हातात येणारे लालसर देठ आणि गुबगुबीत पानं आठवा, ओळख चुकणार नाही.

क्रॅसुलाच्या पानावर कधी कधी बारीक पांढरे ठिपके दिसतात आणि कीड पडली म्हणून फवारणी सुरू होते. पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येतं, ते वाळलं की क्षार मागे राहतात, त्याचे ते ठिपके. ओल्या फडक्याने पुसून जात असतील तर दुसरं काही करू नका. कापसासारखे पुंजके पानाच्या बेचक्यात असतील तर ते पिठ्या ढेकूण. ते मात्र 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढायचे, आठवड्याने पुन्हा तपासायचं. साबण आणि तेलाच्या फवाऱ्याने क्रॅसुलाच्या पानांवर डाग पडू शकतात, म्हणून तो आधी एकाच पानावर करून पाहा.

आता पाणी. सगळा घोटाळा इथेच होतो. क्रॅसुला आपली पर्णरंध्रं, म्हणजे पान ज्यांतून हवा आत-बाहेर करतं ती छिद्रं, मुख्यतः रात्री उघडते, त्यामुळे दिवसाच्या उन्हात तिचं पाणी फार उडत नाही. पोर्टुलाकारिया पाणी मिळत असेल तोवर बऱ्याच अंशी साध्या झाडासारखी दिवसा रंध्रं उघडते आणि ताण पडला की रात्रपाळीवर जाते. म्हणून एकाच खिडकीत, एकाच मापाच्या कुंडीत तिची माती लवकर वाळते. 15 सेंटीमीटरची मातीची कुंडी आणि तीन-चार तासांचं ऊन धरलं, तर मार्च ते मेमध्ये पोर्टुलाकारियाला साधारण 4-5 दिवसांनी आणि क्रॅसुलाला 8-10 दिवसांनी पाणी लागतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत पोर्टुलाकारियाला 10-12 दिवस, क्रॅसुलाला तीन आठवडेही चालतं. हे आकडे नुसता अंदाज घ्यायला. खरी परीक्षा काडीची. बांबूची काडी तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. पोर्टुलाकारियाची काडी वरून अर्धी कोरडी आली की पाणी द्या. क्रॅसुलाची टोकापर्यंत कोरडी हवी. द्याल तेव्हा तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीतलं साचलेलं ओतून टाका. रोज अर्धा कप घातल्याने वरची माती ओलीच राहते आणि खोडाचा बुंधा कुजतो.

सुरकुतलेलं पान दिसलं, की लगेच झारी उचलू नका. आधी बुंधा दाबून पाहा. बुंधा टणक, पानं सुरकुतलेली पण हिरवी, तर तहान. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांत पानं भरतात. पानं पिवळट, पाणी भरल्यासारखी पारदर्शक, बोट लावताच गळणारी आणि बुंधा मऊ, तर मुळं कुजली आहेत. मग पाणी म्हणजे विषच. अशा वेळी झाड वाचत नाही, वाचते ती फांदी. धारदार पात्याने खालून वर सरकत एकेक काप घेत जा. कापाचा आतला भाग एकसारखा फिकट हिरवा दिसेपर्यंत थांबायचं नाही. मधे तपकिरी टिपका राहिला तर सड तिथून पुन्हा चढते.

माती दोघांचीही भुसभुशीत हवी, क्रॅसुलाची जरा जास्तच. तिच्यासाठी तीन भाग जाडसर नदीची वाळू किंवा वाटाण्याएवढे विटांचे तुकडे, एक भाग बागेतली माती, एक भाग गांडूळखत. पोर्टुलाकारियाला वाळू-विटा दोन भाग पुरतात. समुद्राची वाळू नको, तिच्यातलं मीठ मुळांना बाधतं. बिनभोकाची चिनी मातीची भांडीही नकोत, कितीही देखणी असली तरी.

ऑफिसच्या टेबलावर ट्यूबलाइटखाली दोन्ही झुरतात. आधी पोर्टुलाकारिया: पेरं लांबतात, पानं विरळ होतात. खिडकीपासून फूटभराच्या आत ठेवा.

रोपं करताना फरक पुन्हा आडवा येतो. क्रॅसुलाचं नुसतं पान पुरतं: देठाच्या बुडापासून अखंड काढायचं, तीन-चार दिवस सावलीत वाळवायचं, कोरड्या मातीवर आडवं ठेवायचं. तीन ते सहा आठवड्यांत मुळं आणि इवलंसं रोप येतं. पोर्टुलाकारियाचं सुटं पान बहुधा तसंच सुकतं. तिची 8-10 सेंटीमीटरची फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन-तीन दिवस काप वाळू द्या आणि लावा. क्रॅसुलाच्या जाड फांदीचा काप वाळायला आठवडा लागतो.

छाटणीला पोर्टुलाकारिया जास्त सोसते. तिच्या मूळ मुलखात हत्ती तिला वरून ओरबाडून खातात आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात. म्हणून बोन्सायवाल्यांची ती लाडकी. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तरी तीच निवडा. क्रॅसुलाची पानं त्यांना बाधतात, उलट्या होतात.