खनिज साठा आणि खनिज संभाव्यता: वाळवंटातील संरक्षित प्रदेशांचे अहवाल वाचताना

येऊरच्या डोंगरात दगडाचा साठा नाही, असे मी अभ्यासिकेतील मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते विधान सरळसरळ चुकीचे वाटले. ठाण्यात वाढलेल्या मुलाला येऊर म्हणजे काळा पाषाण हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि खाडीपलीकडे पारसिकच्या रांगेत त्याच बेसाल्टच्या खाणींनी कापलेले उभे कडे त्याने अनेकदा पाहिलेले असतात. खडक तोच आहे, सुरुंगाचे तंत्र तेच आहे आणि खडीला गिऱ्हाईकही तेच आहे. तरीही पारसिकमधल्या परवानगी असलेल्या खाणीतील दगडाला साठा म्हणता येते आणि येऊरमधल्या दगडाला म्हणता येत नाही, कारण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते. खनिजशास्त्राच्या काटेकोर भाषेत साठा म्हणजे जमिनीखाली असलेला सगळा माल नव्हे. तपासून खात्री केलेला आणि आजच्या किमतीत, आजच्या तंत्राने, आजच्या कायद्याच्या चौकटीत राहून बाहेर काढता येईल तेवढाच त्याचा भाग म्हणजे साठा.

याच जिल्ह्यात दुसऱ्या संकल्पनेचेही उदाहरण आहे. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत आणि ती पश्चिम किनाऱ्यालगतच्या उष्ण झऱ्यांच्या पट्ट्यात येतात. पाणी तापलेले वर येते, त्याअर्थी ते खोलवर कोठेतरी उष्ण खडकाला भिडून, भेगांमधून वाट काढत आलेले असते. मात्र एवढ्यावरून तेथे इतक्या मेगावॉट विजेची भूऔष्णिक ऊर्जा साठलेली आहे, असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते इतकेच की अशी ऊर्जा असण्यास अनुकूल भूरचना येथे आहे. हे विधान संभाव्यतेचे आहे. त्यात टन किंवा मेगावॉट नसतात. शक्यता किती, आणि त्या शक्यतेविषयी आपल्याला खात्री किती, एवढेच असते.

मराठीत आपण या दोन्हींसाठी, आणि मधल्या ‘संसाधन’ या तिसऱ्या संकल्पनेसाठीही, बहुतेक वेळा ‘साठे’ हा एकच शब्द वापरतो. गोंधळाचे मूळ तेथे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यातील सलाल-हैमाना भागात ५९ लाख टन लिथियमचे ‘अनुमानित संसाधन’ असल्याचे जाहीर केले आणि त्यापुढे ‘जी-३’ ही पायरी स्पष्टपणे नोंदवली. आपल्याकडे पूर्वेक्षणाच्या चार पायऱ्या आहेत: जी-४ ही केवळ टेहळणी, जी-३ प्राथमिक, जी-२ सर्वसाधारण आणि जी-१ सविस्तर. म्हणजे रियासीचे काम खालून दुसऱ्या पायरीवर होते आणि साठा म्हणण्यासाठी लागणारी व्यवहार्यतेची तपासणी पुढेच होती. बातम्यांत मात्र ‘लिथियमचे प्रचंड साठे सापडले’ असेच आले. त्या गटाचा लिलाव पुढे पुरेसे बोलीदार न आल्यामुळे रद्द करावा लागला, तेव्हा साठे सापडल्याचे वाचलेल्या माणसाला त्याचा अर्थ लागला नाही. ‘अनुमानित संसाधन’ हे शब्द ज्याने जसेच्या तसे वाचले होते त्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते.

ही विभागणी समजावून देणारी आकृती अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेचे व्हिन्सेंट मॅकेल्वी यांच्या नावाने ओळखली जाते. ते १९७० च्या दशकात त्या संस्थेचे संचालक होते. एका चौकटीत आडव्या दिशेने भूशास्त्रीय खात्री वाढत जाते आणि उभ्या दिशेने आर्थिक व्यवहार्यता वाढत जाते. संपूर्ण चौकट म्हणजे संसाधन. त्यात न सापडलेलेही आले. खात्री आणि व्यवहार्यता दोन्ही जेथे पुरेशा असतात, तो एक कोपरा म्हणजे साठा. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या वर्गीकरणावर आपली पद्धत आधारलेली आहे, त्यात हीच कल्पना तीन आकड्यांनी मांडली जाते. पहिला आकडा आर्थिक बाजूचा, दुसरा व्यवहार्यतेच्या अभ्यासाचा आणि तिसरा भूशास्त्रीय खात्रीचा असतो. १११ म्हणजे सिद्ध साठा आणि ३३४ म्हणजे टेहळणीतून पुढे आलेले संसाधन. मुलांना हे आकडे पाठ असतात, पण त्यांतील पहिला आकडा कायदा बदलला तरीही बदलू शकतो, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते.

संरक्षित वाळवंटांत या फरकाला विशेष महत्त्व का येते, ते अमेरिकेच्या मोहावी आणि सोनोरन वाळवंटांत झालेल्या कामावरून चांगले दिसते. तेथील १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने काही प्रदेश मूळ स्थितीत राखण्याचे ठरवले, तरी त्यांत नवे खाणहक्क नोंदवण्यास १९८३ च्या अखेरपर्यंत मुभा ठेवली होती. पुढे १९७६ च्या कायद्याने सरकारी जमिनींपैकी ५००० एकरांहून मोठ्या, म्हणजे सुमारे २० चौरस किलोमीटर आणि त्याहून अधिक, रस्ते नसलेल्या क्षेत्रांची छाननी करण्यास सांगितले आणि संरक्षणासाठी शिफारस होणाऱ्या क्षेत्रांचे खनिज सर्वेक्षण आधी व्हावे, अशी अट घातली. ते काम दोन संस्थांनी वाटून घेतले. खाण विभागाची माणसे जुन्या खाणी, बोगदे, मातीचे ढीग आणि हक्कांच्या नोंदी तपासून, नमुने घेऊन, ‘ज्ञात संसाधन’ किती आहे ते सांगत. भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेची माणसे संपूर्ण क्षेत्राचा नकाशा करून ‘संसाधन-संभाव्यता’ ठरवत. दोन्ही निष्कर्ष पुष्कळदा एकाच अहवालात, लागोपाठच्या परिच्छेदांत छापले जात. एकाच पानावर ‘या क्षेत्रात ज्ञात संसाधन नाही’ आणि ‘क्षेत्राच्या एका भागात सोन्याची संभाव्यता मध्यम आहे’ ही दोन वाक्ये असू शकतात आणि त्यांत काहीही विसंगती नाही. पहिले वाक्य आजवर कोणी काय शोधले याविषयी आहे, दुसरे तेथील खडक काय सुचवतो याविषयी.

संभाव्यता ठरवण्याची त्यांची रीत मला फार प्रामाणिक वाटते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. प्रत्येक खनिजासाठी संभाव्यतेची पातळी उच्च, मध्यम, अल्प, शून्य किंवा अज्ञात यांपैकी एक ठरते, आणि तिच्यासोबत खात्रीचे एक अक्षर येते. ‘ए’ म्हणजे माहिती अपुरी, ‘बी’ म्हणजे माहितीवरून पातळी केवळ सूचित होते, ‘सी’ म्हणजे चांगला अंदाज येतो आणि ‘डी’ म्हणजे पातळी स्पष्टपणे ठरते. खरे मर्म टोकाच्या दोन पातळ्यांत आहे. ‘अज्ञात’ ही पातळी फक्त ‘ए’ अक्षरासोबत येते. माहितीच नाही तेथे अंदाज करायचा नाही. आणि ‘शून्य’ ही पातळी फक्त ‘डी’ सोबत येते. ‘येथे काही नाही’ असे म्हणायचे असेल तर सर्वाधिक खात्री हवी. अल्प संभाव्यता सुचवायला ‘बी’ दर्जाची माहिती चालते, पण नकार द्यायला चालत नाही. जे दिसले नाही ते नाहीच, असे म्हणण्याची घाई या रीतीने बंद केली.

वाळवंटात हे विशेष अवघड असते. झाडी आणि माती नसल्याने डोंगरांवरचा खडक उघडा पडलेला असतो आणि नकाशा करणे सह्याद्रीपेक्षा सोपे जाते. पण दोन डोंगररांगांमधली खोरी गाळाने आणि वाळूने भरलेली असतात आणि त्याखाली काय आहे ते वरून कळत नाही. नमुने कोरड्या ओढ्यांतील गाळाचे घेतात. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी लोंढा येतो आणि वरच्या डोंगरातील खडकाचा चुरा खाली आणून टाकतो. त्यामुळे ओढ्यातील मूठभर गाळ हा सगळ्या पाणलोटाचा प्रतिनिधी ठरतो. मात्र वाऱ्याने दुरून आलेली वाळू त्यात मिसळते आणि धातूंचे प्रमाण खोटेच कमी दाखवते. म्हणून गाळ पसरट भांड्यात घोळवून हलके कण बाहेर टाकतात, चुंबकाने चिकटणारे वेगळे काढतात आणि उरलेल्या जड खनिजांचे विश्लेषण करतात. जोडीला गुरुत्वाकर्षणाची आणि विमानातून चुंबकत्वाची मोजणी करून गाळाखाली झाकलेल्या खडकाचा अंदाज घेतात. संरक्षणासाठी विचाराधीन प्रदेशात या पाहणीसाठी सहसा नवे बोअर घेत नाहीत. मग साठा ठरवण्याइतकी आकडेवारी येणार कोठून? अशा अहवालातून फार तर संभाव्यताच हाती येते, आणि तिला टनांत बदलू पाहणारा वाचक अहवालात नसलेली गोष्ट त्यातून काढत असतो.

खनिज तेलाच्या बाबतीत चूक आणखी सहज होते, कारण तेथे न सापडलेल्या तेलालाही आकडे दिलेले असतात. वाळवंट नसले तरी अलास्कातील आर्क्टिक वन्यजीव आश्रयस्थानाचे उदाहरण येथे नेमके लागू पडते. त्याच्या किनारपट्टीवरील सरकारी जमिनीसाठी १९९८ मध्ये केलेल्या मूल्यमापनात ४.३ ते ११.८ अब्ज पिंपे तेल तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगे असावे, असा अंदाज दिला होता आणि सरासरी ७.७ अब्ज पिंपे होती. यातील लहान आकडा म्हणजे किमान इतके तेल असण्याची शक्यता ९५ टक्के, आणि मोठा आकडा म्हणजे इतके किंवा अधिक असण्याची शक्यता ५ टक्के. हा अंदाज न सापडलेल्या तेलाचा आहे आणि ते काढणे परवडेल की नाही हा प्रश्न त्यात अजून सोडवलेला नाही. राजस्थानात बाडमेरजवळचे मंगला तेलक्षेत्र जानेवारी २००४ मध्ये विहीर खोदल्यावर सापडले आणि ऑगस्ट २००९ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. एका ठिकाणी शक्यतेचा पट्टा आहे, दुसऱ्या ठिकाणी विहिरीतून वर आलेले तेल आहे. दोन्ही बातम्यांत मात्र ‘अब्जावधी पिंपांचे साठे’ हेच शब्द सापडतात.

अहवालाची तारीख पाहणे हेही तितकेच आवश्यक आहे, कारण संभाव्यता आणि साठा वेगवेगळ्या कारणांनी बदलतात. मोहावी वाळवंटातील माउंटन पास येथे १९४९ मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांना किरणोत्सर्ग आढळला आणि हाती आली ती दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये. रंगीत दूरचित्रवाणी संचांना त्यांपैकी युरोपियम लागू लागले तेव्हा तेथील खाण जगात महत्त्वाची ठरली, २००२ मध्ये ती बंद पडली आणि नंतर पुन्हा सुरू झाली. इतक्या वर्षांत तेथील खडक जरासुद्धा बदलला नाही. बदलली ती किंमत, स्पर्धा आणि सांडपाण्याविषयीचे नियम, म्हणजे साठा ठरवणारी बाजू. संभाव्यता बदलते ती नव्या माहितीने किंवा नवा प्रश्न विचारल्याने. ज्या काळात लिथियम कोणी शोधतच नव्हते, त्या काळच्या पाहणीत लिथियमविषयी काही लिहिलेले नसले तर तो नकार धरता येत नाही. १९९४ च्या कायद्याने मोहावी राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र झाले आणि ही खाण त्याच्या सीमेला लागून, पण बाहेर राहिली.

गैरवापर दोन्ही बाजूंनी होतो, हे मला स्पष्टपणे लिहिलेच पाहिजे, कारण वन्यजीवांच्या बाजूने बोलणारी माझी मित्रमंडळीही यातून सुटलेली नाहीत. खाणीची बाजू ‘मध्यम संभाव्यता’ वाचून देशाचे कोट्यवधींचे नुकसान मोजते. संरक्षणाची बाजू ‘ज्ञात संसाधन नाही’ वाचून जमीन निरुपयोगी असल्याने राखायला हरकत नाही, असा युक्तिवाद करते, आणि मग एखाद्या वर्षी काही सापडले की तोच युक्तिवाद उलटतो. माळढोक जेथे अंडी घालतो ते गवताळ वाळवंट राखायचे कारण माळढोक हे आहे. खाली काही नसणे हे नाही.

आपल्याकडे या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण कच्छचे आहे. नारायण सरोवर अभयारण्य १९८१ मध्ये ७६५.७९ चौरस किलोमीटरचे जाहीर झाले. चिंकारा हे तेथील मुख्य वन्यप्राणी. त्या जमिनीत चुनखडक, लिग्नाइट, बॉक्साइट आणि बेंटोनाइट होते आणि ते माहीत असलेले होते. तेथे संभाव्यतेचा प्रश्न उरलाच नव्हता. १९९५ मध्ये गुजरात विधानसभेने ठराव करून क्षेत्र ४४४.२३ चौरस किलोमीटरवर आणले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० मध्ये न्यायालयाने मर्यादित क्षेत्रातील खाणकामाला सावधपणे वाट दिली. सीमा बदलल्याबरोबर वगळलेल्या पट्ट्यातील चुनखडकाला साठा होण्याचा मार्ग मोकळा झाला, जरी खडकाचा एक कणही हललेला नव्हता. त्यानंतर २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात अभयारण्याची सीमा बदलण्यासाठी राष्ट्रीय मंडळाची शिफारस आवश्यक केली. अभ्यासिकेत मी हा ठराव आणि ही दुरुस्ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि त्यांच्या वर तीन आकड्यांचा संकेत मांडून, त्यातील नेमका कोणता आकडा कोणत्या तारखेला बदलू शकला, ते मुलांना शोधायला सांगतो.