वृक्षारोहण स्पर्धा

वृक्षारोहण स्पर्धा : जिवंत झाडावर दोर, हार्नेस (अंगाला बांधायचा पट्ट्यांचा साज) व गाठी यांच्या आधारे चढणे, फांद्यांवरून वावरणे आणि सुखरूप खाली उतरणे यांची परीक्षा घेणारा प्रौढांचा क्रीडाप्रकार. (वृक्षारोपणाशी त्याचा संबंध नाही.) स्पर्धक बहुधा पेशाने वृक्षनिगा करणारे असतात. धोक्याच्या फांद्या उतरवणे आणि उंच झाडांची छाटणी करणे हे त्यांचे रोजचे काम असते.

या स्पर्धांचे मूळ उत्तर अमेरिकेतील लाकूडतोड्यांच्या खेळांत शोधण्याकडे कल दिसतो. विस्कॉन्सिन राज्यातील हेवर्ड येथे टोनी वाइज यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या लाकूडतोड्यांच्या जागतिक स्पर्धेत ६० व ९० फूट (सु. १८ व २७ मी.) उंच खांबांवर चढण्याच्या शर्यती होतात. तथापि हे साम्य वरवरचे आहे. तेथे खांब तोडलेल्या लाकडाचा असतो आणि चढणारा बुटांना बांधलेले पोलादी काटे त्यात रोवत जातो. जिवंत झाडाच्या सालीखालील ऊतककराला, म्हणजे वाढीच्या थराला, अशा काट्यांनी जखमा होतात व तेथून रोग शिरतो. म्हणून राखावयाच्या झाडाची छाटणी करताना वृक्षनिगेत काटे वर्ज्य मानतात. या खेळाची घडण पाहता त्याचा उगम शर्यतीपेक्षा कामाच्या सुरक्षिततेत मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिकेत १९२४ मध्ये वृक्षतज्ज्ञांची जी परिषद भरू लागली, तिच्यातूनच आजची आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संस्था (आयएसए) उभी राहिली. या संस्थेच्या सेंट लुइस येथील वार्षिक अधिवेशनात १९७६ मध्ये पहिली स्पर्धा झाली. तिला तेव्हा ‘जांबोरी’ म्हणत. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद हे नाव पुढचे.

प्राथमिक फेरीतील प्रकार कामाच्या टप्प्यांवरूनच बेतलेले आहेत. फेकदोरीत जमिनीवरून वजनाची लहान पिशवी उंचावरच्या बेचक्यातून पार करून दोर ओवायचा असतो. वेगचढाईत दुसऱ्या दोराने सुरक्षित केलेला स्पर्धक ठरावीक मार्गाने वर जाऊन घंटा वाजवतो. पायबंद चढाईत दोर दोन्ही पावलांत आवळून अंग वर उचलत जायचे असते. पुरुषांसाठी ही उंची १५ मी. व महिलांसाठी १२ मी. होती. अलीकडे तिची जागा यांत्रिक साधनांनाही वाव देणाऱ्या आरोहण प्रकाराने घेतली आहे. बचाव प्रकारात झाडावर जायबंदी होऊन अडकलेल्या सहकाऱ्याच्या जागी पुतळा असतो व त्याला ठरावीक वेळेत खाली आणायचे असते. पुतळ्याला धक्का बसू न देण्याकडेही परीक्षकांचे लक्ष असते.

कामचढाई हा यांतील सर्वांत देखणा प्रकार होय. स्पर्धक शेंड्याजवळून निघून झाडभर विखुरलेल्या ठाण्यांवर जातो. कोठे करवतीने घंटा वाजवायची असते, कोठे लाकूड खालच्या खुणेवर टाकायचे असते. एका ठाण्यावर फांदीच्या टोकाकडे चालत जावे लागते. दोरावर पुरेसा भार न घेता तो फांदीवर टाकला, तर इशारा वाजतो. फांदीवर उभे राहताना भार तिच्यावर न पडू देणे ही या विद्येची खरी कसोटी आहे. प्राथमिक फेरीतील अग्रेसर स्पर्धक अंतिम ‘मास्टर्स चॅलेंज’मध्ये उतरतात. त्यात दोर चढवण्यापासून सर्व सामान उतरवण्यापर्यंतचे काम एकट्याने करावे लागते. कोणतीही दोन झाडे सारखी नसल्याने वर्षावर्षांतील वेळांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

तंत्राचा गाभा म्हणजे घर्षणगाठ. ती भार पडताच दोराला आवळते आणि हाताने ढकलली की सरकते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेली गाठ या कुळातील प्रख्यात होय. परंतु तिला वेगळा फास लागतो. वृक्षारोहकांत रूढ झालेली ‘ब्लेक’ गाठ दोराच्या मोकळ्या टोकानेच बांधता येते. तिचे चार वेढे असून टोक खालच्या दोन वेढ्यांखालून नेतात. या गाठीचे कर्तृत्व विवाद्य आहे. जेसन ब्लेक यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतील वृक्षव्यवसायाच्या नियतकालिकात ती मांडली आणि त्यांचेच नाव तिला चिकटले. मात्र ऑस्ट्रियातील हाइन्ट्स प्रोहास्का यांनी तीच गाठ १९८१ च्या सुमारास तेथील पर्वतमार्गदर्शकांच्या पत्रिकेत व १९९० मध्ये गुहासंशोधकांच्या नियतकालिकात दिली होती. दोघांना ती स्वतंत्रपणे सुचली असे मानणेच रास्त. अग्रक्रम मात्र प्रोहास्कांकडे जातो. नाव बदलण्याची शक्यता आता उरलेली नाही.

आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाचे अमेरिकेचे मार्क चिझम १९९७, २००१ व २०१० मध्ये विजेते ठरले. महिलांच्या गटात न्यूझीलंडच्या क्रिसी स्पेन्स व ब्रिटनच्या जोसेफिन हेजर यांनी अनेकदा अजिंक्यपद मिळवले. केवळ आनंदासाठी दोराने झाडावर चढण्याचा प्रवाह निराळा आहे. त्यासाठी पीटर जेंकिन्स यांनी १९८३ मध्ये अटलांटा येथे संस्था काढली.

माडावरील चढाईची परंपरा याहून स्वतंत्र आहे. माडाला फांद्या नसल्याने दोर ओवण्याचा प्रश्नच येत नाही; सारी मदार हात, पाय व खोडावरील पकडीवर असते. ताहितीतील पारंपरिक खेळांत माडावर चढण्याची शर्यत असते. फिजीतील सुवा येथे २२ ऑगस्ट १९८० रोजी फुआताई सोलो यांनी ९ मी. उंचीचा माड अनवाणी ४.८८ सेकंदांत सर केला. गोवा व कोकणातील पाडेली हेच कौशल्य नारळ पाडण्यासाठी वापरतात. केरळात नारळ विकास मंडळाने २०११ पासून यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे प्रशिक्षण देण्यास आरंभ केला.

मराठी मुलखातील मल्लखांबाचाही येथे विचार करावा लागतो. बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात त्याचा पूर्वज शोधतात. आजच्या रूपाचे श्रेय मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधर यांना देतात. सप्तशृंगीच्या डोंगरावर झाडांवरील माकडांच्या हालचाली पाहून त्यांना तो सुचला, ही कथा परंपरागत समजावी. झाडाचा खांब झाला की तेथे उंचीपेक्षा पकड व आसने महत्त्वाची ठरतात. झाडावरचा अस्सल मराठी खेळ म्हणजे वडाच्या पारंब्यांवरील सूरपारंबी. पण तो मुलांचा.